साहेबाचा बंगला आणि आपली छपरी

आपल्याकडे कोणी दोन खोल्यांवर आणखी दोन खोल्या चढवल्या, पुढे लोखंडी फाटक बसवले, की लोक म्हणतात, "काय बंगला बांधलाय!" मुलीसाठी स्थळ पाहतानाही बायका हळूच विचारतात, "घर कसं आहे? बंगला आहे ना?" हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की तो कुठून आला आणि सोबत काय घेऊन आला, याचा विचार आपण करीत नाही. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना आम्हाला शब्दांच्या मागे लागायची सवय जडली आहे. 'बंगला' या शब्दाच्या मागे लागलो, तेव्हा घरांविषयी बरेच काही उलगडत गेले. आज वाचक बंधू-भगिनींशी त्याबद्दलच बोलायचे आहे.

बंगला म्हणजे बंगालचा. बंगालच्या खेड्यात शेतकरी बांबू आणि गवत वापरून जी झोपडी बांधत, तिचे छप्पर पावसासाठी खूप खाली उतरलेले असे. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी बंगालात आले, तेव्हा त्यांनी राहण्यासाठी तशीच कच्ची घरे उभारली आणि त्यांना 'बंगला' म्हणू लागले. पुढे दोनशे वर्षांत व्यापाऱ्याचा राज्यकर्ता झाला आणि तोच शब्द कलेक्टरच्या, कर्नलच्या आणि जंगलसाहेबाच्या घराला लागला. शेतकऱ्याच्या झोपडीचे नाव हुकूम करणाऱ्याच्या घराला मिळाले. मधल्या काळात त्या घरात ज्या गोष्टींची भर पडली, त्या पाहण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट जोते. बंगला जमिनीपासून चांगला उंच असे. साप, विंचू, ओल यांपासून बचाव व्हावा हे त्याचे खरे आणि योग्य कारण होते. पण त्या उंचीचा दुसराही उपयोग झाला. अर्ज घेऊन आलेला माणूस खाली उभा राही आणि साहेब वर. बोलताना एकाची मान वर आणि दुसऱ्याची नजर खाली.

दुसरी गोष्ट व्हरांडा. साहेब सकाळी चहा तिथेच घेई, कागद तिथेच पाही आणि लोकांना भेटे तेही तिथेच. गावकऱ्याला बंगला ठाऊक असायचा तो एवढाच. आतला दिवाणखाना त्याने पाहिलेला नसे. व्हरांड्याच्या पायरीशी कमरपट्ट्याला पितळी बिल्ला लावलेला चपरासी उभा असे. त्या बिल्ल्यालाच 'चपरास' म्हणत, म्हणून तो चपरासी. आत वर्दी द्यायची की नाही, हे तो ठरवी. त्यामुळे साहेबाच्या आधी त्याला खूश करावे लागे.

तिसरी गोष्ट कंपाउंड. हा शब्द मलय भाषेतील 'कम्पुंग'वरून इंग्रजीत आला, असे बहुतेक कोशकार मानतात. घराभोवती मोठी मोकळी जमीन, तिला भिंत किंवा कुंपण आणि फाटकापासून दारापर्यंत लांब रस्ता. आपल्या जुन्या घरांचे तोंड आतल्या बाजूला असे. मध्ये आंगण, भोवती खोल्या आणि घर रस्त्याला अगदी लागून. शेजारच्या भिंतीला भिंत टेकलेली. बंगल्याने ही रचना उलटी केली. घर मधोमध आणि मोकळी जागा बाहेर. शेजार उरलाच नाही. फाटकापासून दारापर्यंत चालत येणाऱ्या माणसाला ती दोनशे पावले पुरेशी लहान करून टाकत.

चौथी गोष्ट दारे. बंगल्यात दारे पुष्कळ, पण प्रत्येक दाराला माणूस ठरलेला. समोरचे दार साहेबाचे आणि त्याच्या पाहुण्यांचे. स्वयंपाकघर मागे, घरापासून वेगळे. धूर आणि वास येऊ नये म्हणून. तिथून खानसामा मागच्या दाराने ताटे आणी. न्हाणीघराला बाहेरून वेगळे दार, म्हणजे भिश्ती पाणी ओतून आणि मेहतर सफाई करून कोणाच्या नजरेस न पडता निघून जाई. पंखेवाला तर आतही नसे. तो व्हरांड्यात भिंतीला टेकून बसे आणि भिंतीच्या भोकातून गेलेली दोरी ओढीत राही. आत वारा येई, वारा घालणारा दिसत नसे.

आपल्या गोंदियात राजवाडा नाही, मोठा किल्लाही नाही. हे शहर रेल्वेने मोठे केले. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी लाइन 1880 नंतरच्या काळात इकडून गेली. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती घेऊन मोठ्या मापाची केली. पुढे 1903 ते 1905 या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे छोटी लाइन गेली. भाताच्या गिरण्या आणि तेंदूपानाचा व्यापार या रुळांच्या आधारानेच वाढला. रेल्वेच्या वसाहती देशभर एकाच साच्याच्या बांधल्या गेल्या. बड्या साहेबांचे बंगले झाडीत, मोकळ्या जागेत. मग बाबू, गार्ड, ड्रायव्हर यांची क्वार्टर्स. आणि शेवटी खलाशांच्या एकमेकींना चिकटलेल्या खोल्या. पगाराचा तक्ता पाहायची गरज नव्हती. घराच्या खिडक्या मोजल्या की माणसाची जागा कळे.

आमचे नाना तरुणपणी एका बड्या साहेबाच्या बंगल्यात खिदमतगार होते. इंग्रजांच्या घरी खानसामा, खिदमतगार या कामांवर मुसलमान पुष्कळ असत, कारण त्यांच्या टेबलावरचे मांस शिजवायला आणि वाढायला इतर अनेकांची हरकत असे. नाना सांगत, "अंगात पांढरा कोट, डोक्यावर फेटा, कमरेला पट्टा. सगळं पेहराव साहेबाच्या पैशाचं. आणि पाय उघडे." आत गालिच्यावर अनवाणी चालायचे, म्हणजे पावलांचा आवाज येत नाही. त्या बंगल्यात नाना रोज पहाटे जात आणि रात्री दहाला परतत, पण समोरच्या दारातून एकदाही आत गेले नाहीत. 1947 नंतर इंग्रज साहेब विलायतेला गेला आणि त्याच बंगल्यात आपला देशी साहेब आला. भला माणूस होता, ईदला मुलांना मिठाई द्यायचा, असे नाना आवर्जून सांगत. आम्ही लहानपणी विचारले होते, "मग तुम्ही समोरून जायला लागलात का?" नाना हसले. म्हणाले, "बेटा, साहेब बदलला. दार कुठे बदललं?"

नानांचा बंगला तसा लहानच. या साखळीच्या वरच्या टोकाला फार मोठी घरे होती. नागपुरात भोसल्यांच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट असे. त्याचे ठाणे शहरात, राजवाड्याजवळ नव्हते. ते शहराबाहेर सीताबर्डीला होते. पाहुणा म्हणून आलेल्या त्या माणसाच्या घराशेजारच्या टेकडीवर नोव्हेंबर 1817 मध्ये लढाई झाली आणि त्यानंतर नागपूरचा खरा मालक कोण हे ठरून गेले. आपल्या गोंदियाजवळच्या कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल यांनी 1818 मध्ये उठाव केला. तो मोडला गेला आणि जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. 1854 मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. राजवाडा जुन्या शहरात राहिला आणि सत्ता सिव्हिल लाइन्समध्ये, झाडांच्या सावलीत गेली.

कलकत्त्यात लॉर्ड वेलस्लीने 1803 मध्ये गव्हर्नमेंट हाउस पुरे केले. त्याचा नमुना इंग्लंडमधील केडलस्टन हॉल या सरदाराच्या वाड्याचा होता. खर्चाचा आकडा पाहून लंडनमधील कंपनीचे संचालक संतापले. जवळपास शंभर वर्षांनी त्या घरात व्हाइसरॉय म्हणून राहायला आलेला लॉर्ड कर्झन हा त्याच केडलस्टन हॉलमध्ये जन्मलेला होता. तिकडे मूळ घर आणि इकडे त्याची नक्कल, दोन्हींत तो राहिला. पुण्याजवळ गणेशखिंडीत गव्हर्नरसाठी मोठा वाडा उभा राहिला. 22 जून 1897 च्या रात्री राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून तिथून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. बाहेर प्लेग होता, घराघरांत झडत्या झाल्या होत्या आणि वाड्यात रोषणाई. आज त्याच इमारतीत पुणे विद्यापीठाचे कार्यालय आहे. मुंबईत परळचे गव्हर्नमेंट हाउस तर अधिक चांगल्या कामी आले. 1882 मध्ये तिथे गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने वारल्या. पुढे गव्हर्नरांनी मलबार हिलचा रस्ता धरला आणि 1899 मध्ये त्या रिकाम्या वाड्यात डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. कॉलऱ्याला फाटक आणि चपरासी अडवू शकले नव्हते.

सर्वांत मोठे घर दिल्लीचे. 340 खोल्यांचा व्हाइसरॉयचा महाल, आजचे राष्ट्रपती भवन. 1912 मध्ये काम सुरू झाले आणि 1929 मध्ये व्हाइसरॉय तिथे राहायला गेला. ल्युटेन्स आणि बेकर या दोन वास्तुकारांत रस्त्याच्या चढावावरून भांडण झाले. चढ असा ठेवला गेला होता की खालून येणाऱ्याला मधेच महाल दिसेनासा होई. ल्युटेन्सला ते सहन होईना. घर सतत दिसले पाहिजे, हीच तर त्याची गरज होती. अखेर चढ तसाच राहिला. आणि ज्यांनी हा महाल कायमचा म्हणून बांधला, ते अठरा वर्षांत निघून गेले.

अशा घरांत माणसाची किंमत काय होते, हे एका खटल्यावरून कळते. आग्र्याला फुलर नावाचा इंग्रज वकील होता. रविवारी कुटुंबासह चर्चला निघायचे होते आणि सईस वेळेवर जागेवर नव्हता. फुलरने त्याच्या डोक्यावर मारले, केस ओढले. सईस पडला आणि थोड्या वेळाने मेला. त्याचे नाव कटवारू. मॅजिस्ट्रेटने फुलरला तीस रुपये दंड केला. 1876 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने या निकालावर जाहीर नाराजी दाखवली, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रे फुलरवर चिडली नाहीत, व्हाइसरॉयवरच चिडली. ज्या माणसाचे दार वेगळे, खोली मागे आणि काम न दिसता करण्याचे, त्याचे मरणही तीस रुपयांत न दिसता उरकले जाते.

आत जाता आले तरी नियम होतेच. विलायती बूट-मोजे घालून आलेल्याला ते घालून आत जाता येई. देशी जोडा मात्र दाराशी काढावा लागे. उत्तर हिंदुस्थानात साहेबापुढे खुर्चीवर बसण्याचा हक्क हाही एक मान होता. ज्यांना तो मिळे, ते 'कुर्सीनशीन' म्हणवून घेत आणि त्याचा दाखला जपून ठेवीत. शतकानुशतके मसनदीवर बसलेल्या घराण्यांतील लोक एका लाकडी खुर्चीच्या परवानगीचा कागद पेटीत ठेवू लागले. आम्हाला यातच सर्वांत जास्त वाईट वाटते.

हे सगळे इंग्रजांनीच आणले, असे म्हणून सुटका मात्र होत नाही. बादशहांचे झरोके उंचावरच होते. जहाँगीरने आग्र्याच्या किल्ल्याबाहेर फिर्यादीसाठी साठ घंटांची सोन्याची साखळी लावली होती, पण ती ओढायला धीर किती जणांना झाला असेल? आणि आपल्या भागातले मालगुजार? 1860 च्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात गावांचे मालकी हक्क मालगुजारांना दिले. त्यानंतर वाड्यांना कमानी, खांब, रंगीत काचा आल्या. मोठ्या दरवाजात छोटा दिंडी दरवाजा. त्यातून जायचे तर वाकावेच लागे. कूळ पायरीशी बसे, बेगारीला बोलावले की जाई. तलावांची गोष्ट मात्र वेगळी. भंडारा-गोंदियाचे तलाव कोहळी समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसबाने उभे राहिले. नवेगाव बांध कोलू पटेल कोहळी यांनी बांधला, असे सांगितले जाते. 1951 मध्ये मालगुजारी गेली. तलाव 'माजी मालगुजारी' झाले आणि लोकांनी त्याचे 'मामा तलाव' करून टाकले. आज मामा तलावावर शेती चालते, मासे मिळतात, गुरे पाणी पितात. वाड्याला मात्र कोणी मामा म्हटले नाही. ज्याचे काठ सर्वांना खुले, त्याच्याशीच माणसे नाते जोडतात.

दाराचा विषय निघाला की हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील एक घटना आठवते. इतिहासकारांनी ती नोंदवली आहे. कादिसियाची लढाई जिंकणारे हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) कूफ्याचे अमीर होते. त्यांचे घर बाजाराला लागून होते आणि गलबल्यामुळे बोलणे कठीण होई, म्हणून त्यांनी घराला दरवाजा बसवला. लोक त्याला 'सअदचा महाल' म्हणू लागले. ही खबर मदिनेला पोहोचली. हजरत उमर (रजि.) यांनी मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) यांना पाठवले, काम एकच, तो दरवाजा जाळून परत यायचे. ते कूफ्याला गेले, लाकडे विकत घेतली आणि दरवाजा जाळला. हजरत सअद (रजि.) यांनी शपथेवर खुलासा केला, तो खलीफांनी मान्यही केला. म्हणजे त्यांच्या नियतीवर शंका नव्हती. गाऱ्हाणे घेऊन येणारा माणूस आणि अमीर यांच्यामध्ये फळी येऊ नये, एवढाच आग्रह होता.

मध्यंतरी आठवीच्या वर्गात आम्ही मुलांना सांगितले, "मोठ्या माणसाचं घर काढा." बहुतेकांनी आधी फाटक काढले. मग भिंत, भिंतीवर काचा, पहारेकरी, 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी. घर शेवटी, मागे, लहानसे. एका मुलीने मात्र साधे कवेलूचे घर काढले आणि दारासमोर चपलांचा ढीग. विचारले तर म्हणाली, "सर्वजण त्यांना भेटायला येतात ना, म्हणून ते मोठे."

हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्याच घरात आला. आमचे मोहल्ल्यातले वडिलोपार्जित घर कवेलूचे. पुढे रस्त्याला लागून छपरी. अब्बा हयात असताना संध्याकाळी तिथे चार माणसे बसत. भाजीवाली टोपली टेकवून पाणी पिई. कोणाचे पत्र वाचायचे, अर्ज लिहायचा, शाळेचा दाखला समजून घ्यायचा, सगळे तिथेच. पावसाळ्यात घर गळू लागले तेव्हा भाईजाननी नवे बांधायचे ठरवले. नकाशा आला. सात फूट भिंत, सरकते फाटक, कॅमेरा, गाडीसाठी जागा. छपरी नाही. मागच्या बाजूने बाहेरून जिना आणि जिन्याखाली छोटा संडास.

अम्मींनी चष्मा लावून नकाशा पाहिला आणि विचारले, "हा जिना कोणासाठी?"

भाईजान म्हणाले, "कामाला येणाऱ्या बाईंसाठी. त्यांना सोयीचं."

अम्मी म्हणाल्या, "एकोणीस वर्षं त्या समोरून येतात. सलाम करतात, चहा घेतात, मग कामाला लागतात. आता मागून का?"

भाईजानची बाजूही खोटी नव्हती. गल्लीत दोन चोऱ्या झाल्या होत्या. दिवस असे आहेत की भिंत उंच असली तर रात्री झोप लागते, हे त्यांनी बोलून दाखवले आणि आम्हा कोणालाही त्याला उत्तर देता आले नाही. महिनाभर घरात यावरून कुरबूर चालली. शेवटी भिंत सात फुटांचीच राहिली, पण ती मागे सरकली. छपरी भिंतीच्या बाहेर, रस्त्याकडे राहिली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, वर कवेलू, खाली शहाबादी फरशी. मागचा जिना रद्द झाला. संडास आत आला, सगळ्यांसाठी. या बदलात आमची अभ्यासाची खोली गेली आणि भाईजानची गाडी अर्धी उन्हात उभी राहते. त्याबद्दल ते अधूनमधून बोलतातही.

हल्लीची मुले 'छपरी' ही शिवी म्हणून वापरतात. छप्पर शाकारणाऱ्या छप्परबंदांच्या नावावरून ती आली, असे म्हणतात. महाराष्ट्रातील हा बहुतांशी मुसलमान समाज. इंग्रजांनी त्यांना गुन्हेगार जमात ठरवले होते. बंगला हा मान आणि छपरी ही शिवी! आमच्या वर्गात हा शब्द कोणी उच्चारला, तर आम्ही रागवत नाही. फळ्यावर दोन्ही शब्द लिहितो आणि दोन्हींचा इतिहास सांगतो. तासाभरात मुले शांत होतात.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेक जण कर्ज काढून, दागिने मोडून घर बांधत असतील. अल्लाह सर्वांना प्रशस्त घर देवो. फक्त नकाशावर सही करण्याआधी एकदा तो पसरून बसा आणि घरातल्या मोठ्यांना, मुलांना विचारा: भांडी घासणारी कोणत्या दाराने येईल? गरीब नातेवाईक आला तर तो कुठे बसेल? दुपारी दोन वाजता पाणी मागणाऱ्याला कोणाला हाक मारावी लागेल? टाइल्सचा रंग नंतर ठरवता येतो. आमच्या छपरीत सध्या एक लाकडी बाक आणि पाण्याचा माठ आहे. माठ भरण्याची पाळी आठवड्यात तीन दिवस भाईजानची असते.